कुलूपबंद घरातली चूल

वस्तीत तिला सगळे चूलमावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठ्या बायकाही मावशीच म्हणत आणि तिला त्यात काही वावगे वाटत नसे. "चूल माझी सख्खी बहीण," ती म्हणायची, "तिच्या घरातली सगळी मग माझी भाचरंच झाली की." उंची बेताची, हाताला कायम काजळी, उजव्या अंगठ्याचे नख कधीतरी चुलीच्या झाकणाखाली सापडून काळे पडलेले. चालायची ती पुढे वाकून, कारण खांद्याला सदानकदा एक जाड कापडी पिशवी असे. तिच्यात हुकाचा वजनकाटा, सुतळीची गुंडाळी, कागदांची फाइल आणि चिमणी ठोकून बघायला एक लोखंडी डाव. डाव चिमणीवर वाजवून ती कान लावायची आणि आत किती काजळी साठली ते सांगायची. डॉक्टर पाठीवर बोटे वाजवतात ना, तसे.

तिच्याविषयी एक खोटी गोष्ट काही काळ लोकांच्या तोंडी होती. ती गोष्ट माझ्या हातून सुरू झाली. म्हणून हे लिहिते आहे.

माझे घर बसच्या शेवटच्या थांब्यापाशी आहे. तिथून वस्तीकडे चढणारी पायवाट सुरू होते. जाता-येता ती माझ्या पायरीवर टेकायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि अर्धी घटका बोलायची. तिचे वडील भट्ट्या बांधणारे गवंडी. आई तीन दगडांच्या चुलीपुढे आयुष्यभर बसली आणि शेवटची काही वर्षे तिला दारात कोण उभे आहे हे आवाजावरून ओळखावे लागे. धुराने डोळे गेले होते. चूलमावशी चौथीपर्यंत शिकली, मग वडिलांच्या हाताखाली विटा देऊ लागली. धूर कुठे जातो, का अडतो, हे तिला पुस्तकाशिवाय कळायचे. नवरा हयात होता, थांब्यावरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सल्ले देई आणि त्यालाच तो काम समजे.

कमी धुराच्या नव्या चुली घेऊन एका संस्थेची माणसे वस्तीत प्रथम आली तेव्हा त्यांच्या साहेबांनी सगळ्यांसमोर एक चूल पेटवली. आणि तिचाच धूर झाला! साहेब फुंकून फुंकून लाल झाले. चूलमावशी पुढे झाली, चुलीच्या तोंडाशी तळहात धरला आणि म्हणाली, "साहेब, हिला श्वास घेता येत नाही. बूड उचला हिचं."

चुलीखाली दोन विटा सरकवल्या आणि ती लख्ख पेटली. त्या दिवशी तिला काम मिळाले.

ते काम काय होते ते मला समजायला वेळ लागला, आणि तिने ते मला एका वाक्यात समजावले. "बाई, मी न झालेला धूर विकते."

म्हणजे असे. नव्या चुलीत लाकूड कमी जळते. जेवढे वाचले तेवढा धूर आकाशात गेला नाही. दूरच्या एखाद्या देशात कुणा कारखान्याला आपला धूर कमी करता येत नाही, किंवा इतक्यात करायचा नसतो. तो इथे न झालेल्या धुराचे प्रमाणपत्र घेतो, कार्बन क्रेडिट म्हणतात त्याला, आणि त्यातून वस्तीला चुली, त्यांच्या जाळ्या, दुरुस्ती असे सगळे मिळते. पण न झालेली गोष्ट मोजायची कशी? जळले ते मोजून. दर हंगामात सलग सात दिवस चूलमावशी सोळा घरांत सकाळी जाई. घरातल्या बाईने जळणाची एक मोळी वेगळी ठेवलेली असे. तिचे वजन करायचे, दुसऱ्या दिवशी उरलेल्याचे करायचे, आणि फरक त्या घराच्या कागदावर त्या दिवसाच्या रकान्यात लिहायचा. एका घराला एक कागद, एका कागदावर सात रकाने.

"माझ्या नवऱ्यानं जन्मभर न केलेली कामं सांगितली, त्याला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही," ती म्हणायची. "मला बघा कसं मिळतं."

पण थट्टा थट्टेच्या जागी. मोजण्याच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचे ऐकत नसे. घरात शिरली की आधी कोपऱ्यातल्या जुन्या चुलीच्या राखेत बोट घालायची. राख कोमट लागली तर कागदावर लिहायची, 'जुनीही पेटली'. एकदा मी तिच्याबरोबर हौसेने वर गेले होते तेव्हा एका घरातली बाई तिच्या हाताला धरून म्हणाली, "नको ना लिहूस गं मावशी. पाहुणे होते, नव्या चुलीवर मोठं पातेलं बसत नाही. तू तर आपलीच आहेस."

"आपली आहे म्हणूनच लिहिते," मावशी म्हणाली. "परकी असते तर दारातूनच काहीतरी लिहून पळाले असते. आणि मोठं पातेलं बसत नाही तेपण लिहिते. साहेबांना कळू दे, पाहुणेपण जेवतात म्हणून."

तिने खरेच ते लिहिले. कागदाच्या कडेला, उभ्या ओळीत, कारण जागा उरली नव्हती.

तिचे कागद मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता, हे कबूल करते. अंगठ्याचे काळे ठसे, कुठे तेलाचा थेंब, कुठे पावसाने पसरलेली शाई, आकडे तीन दिशांना तोंड करून बसलेले. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले. आमच्या सिस्टर वहीच्या समासात बोट ठेवून सांगत, "रिकामी ओळ म्हणजे आळशी मुलीची सही." ज्या मुलीच्या वहीत मधेच जागा रिकामी सुटे ती तासभर उभी राही. मी एकदाच उभी राहिले, सात वर्षांची असताना, आणि पुन्हा कधी नाही. बारा वर्षांची असल्यापासून मी डायरी लिहिते. तिच्यात एकही तारीख कोरी नाही. तापात पडून राहिले तर बरी झाल्यावर मागचे दिवस आठवून भरले. आमचे हे थट्टा करायचे, "तू आजारी पडतेस, तुझी डायरी कधी पडत नाही." हे गेले त्या दिवसाचेही पान भरलेले आहे. दुसऱ्या दिवशी भरले.

तेव्हा मी तिला म्हणाले, "अगं, असे कागद संस्थेत देतेस? माझ्याकडे दे. मी सुवाच्य उतरवून देते."

"खरंच द्याल?" तिचा चेहरा उजळला. "साहेब म्हणतात, मावशी, तुझे कागद वाचायला चष्म्यावर चष्मा लागतो."

दोन वर्षे हे चालले. हंगामाच्या शेवटी ती फाइल माझ्या टेबलावर ठेवायची, मी पट्टीने रेघा मारून नव्या कागदांवर सगळे उतरवायची, तळाशी ती सही करायची. वाचून बघत नसे. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," म्हणायची. जुने डागाळलेले कागद मी गठ्ठा बांधून रद्दीत देऊन टाकले. मला घरात घाण ठेवायला आवडत नाही.

आता ते लिहायचे जे लिहिताना हात जड होतो.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या कागदांत वस्तीच्या वरच्या टोकाच्या घराचा कागद होता. त्या घराच्या दाराशी पाणी साठवायचे निळे पिंप आहे, म्हणून तिथल्या म्हातारीला पिंपवाली आजी म्हणतात. पहिल्या चार रकान्यांत आकडे होते. पुढच्या तीन रकान्यांत चूलमावशीने मिळून एकच शब्द लिहिला होता, तिरका: 'कुलूप'.

नव्या कागदावर मी चार आकडे उतरवले आणि थांबले. उरलेल्या तीन रकान्यांत काय लिहायचे? 'कुलूप' हा काही आकडा नव्हे. बाकी पंधरा पाने कशी भरगच्च दिसत होती, आणि या एका पानाला जणू पुढचे दात पडलेले. मला वाटले, साहेब म्हणतील मावशीने कामचुकारपणा केला. मी चार दिवसांची सरासरी काढली आणि ती तीन रकान्यांत घातली.

एवढेच केले असते तरी चुकीला मूर्खपणा म्हणता आले असते. पण तीन वेळा एकच आकडा कागदावर खोटा दिसत होता. तेव्हा मी ते थोडे वर-खाली केले. पाच किलो आठशे. पाच किलो सहाशे. सहा किलो शंभर. ते खोटे दिसू नयेत म्हणून केले, म्हणजे ते खोटे आहेत हे मला माहीत होते. मग कागदावर टीपकागद दाबला, आणि डायरीत त्या दिवशी लिहिले: 'चू. मावशीचे कागद पूर्ण. निळ्या पिंपाच्या घराचे तीन रकाने कुलपामुळे रिकामे, सरासरीने भरले. पान छान दिसते.'

तिला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाहेरून तपासणीसाठी एक बाई आली. तरुण, तिशीच्या आतली, बुटांना चिखल. साहेबांनी मला आदल्या दिवशी निरोप धाडला, "बाई, तुम्हीही या. तुमचं काम त्यांना दाखवायचंय." मी इस्त्रीचे कपडे घातले आणि हातात यांनी दिलेले घड्याळ बांधले. कौतुक होणार म्हणून गेले होते मी.

संस्थेची खोली आमच्याच रस्त्यावर. पत्र्याचे एक कपाट, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर चुलीच्या भागांचे चित्र आणि प्रत्येक फेऱ्याला टक् आवाज करणारा पंखा. तपासणीबाई सकाळपासून वस्तीत फिरून आली होती. चूलमावशी दाराजवळच्या खुर्चीत, पिशवी पायाशी.

"फार सुंदर अक्षर आहे," तपासणीबाई माझे कागद चाळत म्हणाली. मी मान किंचित लववली. "मूळ कागद कुठे आहेत?"

"हेच की मूळ," साहेब म्हणाले.

"नाही. घरात उभं राहून लिहिलेले. सोळा घरं, दोन वर्षं, सगळी कामं चुलीपाशी, आणि एका कागदाला काजळीचं बोट लागलेलं नाही?"

चूलमावशी हसली. "बोटं सगळी माझ्या कागदांवर होती, मॅडम. बाईंनी आम्हाला आंघोळ घालून पाठवलं."

"मग ते बिनआंघोळीचे कुठे आहेत?"

"रद्दीत दिले," मी म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. तोवर मला त्यात काही वाईट आहे हे कळले नव्हते.

तपासणीबाईने एक कागद वेगळा काढून टेबलावर ठेवला. "हे निळ्या पिंपाचं घर. मी आज तिथे बसले होते. आजींचा नातू मागच्या पावसाळ्यात झाला, मुलीच्या गावी. आजी बाळंतपणाला गेल्या, घराला कुलूप लावून. तारीख त्यांना तोंडपाठ आहे, पहिला नातू आहे. आणि इथे त्याच तीन दिवसांत," तिने बोट ठेवले, "पाच आठशे, पाच सहाशे, सहा शंभर. कुलूपबंद घरात चूल कुणी पेटवली?"

पंखा टक् टक् करत राहिला.

"गंमत बघा," ती पुढे म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, त्याने मला जास्त भीती वाटली. "यात फायदा कुणाचाच नाही. लाकूड जास्त जळालेलं दाखवलं तर वस्तीचंच नुकसान. मग खोटं लिहिलं कशाला? आणि जिथे काही मिळायचं नव्हतं तिथे खोटं लिहिलं, तर बाकीच्या पानांवर मी कशी भिस्त ठेवू? पलीकडे कुणीतरी या कागदाच्या भरवशावर आपला धूर चालू ठेवतोय."

चूलमावशीने कागद हातात घेतला. लांब धरला, कारण तिला जवळचे नीट दिसत नाही. काळे नख एकेका रकान्यावरून सरकत गेले आणि पाचव्यावर थांबले. तिला कळले. तिला कळताना मी पाहिले. मग तिने माझ्याकडे बघितले, एकदाच.

मी माझ्या पर्सच्या खटक्याकडे बघत होते. तो उघडला. बंद केला.

"मावशी?" साहेब म्हणाले.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "आकडे माझे. बाईंनी मी दिलं ते उतरवलं."

मी तोंड उघडायला हवे होते. पंख्याचे किती तरी फेरे झाले, तेवढा वेळ मला मिळाला होता. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती असे लिहिले तर ते सोयीचे होईल, पण खरे नाही. जीभ मोकळी होती. मला एवढेच दिसत होते की सिस्टर समासावर बोट ठेवून उभ्या आहेत आणि आता मला उभे राहावे लागणार, सत्तरी ओलांडल्यावर, या पोरीसमोर. मी गप्प बसले.

साहेबांनी वजनकाट्यासाठी हात पुढे केला. चूलमावशीने पिशवीतून तो काढला, हुक तळहाताने पुसला आणि दिला. ती बाहेर पडली तेव्हा पिशवी हलकी झाली होती. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदाच सरळ चालताना पाहिले.

त्या रात्री डायरीत मी लिहिले: 'संस्थेत बैठक. पंखा आवाज करतो. हवा दमट.'

वस्तीतल्या सोळाही घरांची मोजणी बाद झाली. पावसाआधी नव्या जाळ्या यायच्या होत्या, त्या थांबल्या. ज्यांच्या चुलीची जाळी तापून वाकली होती त्यांनी पुन्हा तीन दगड मांडले. माझ्याकडे दूध घालणारी बाई वस्तीतलीच. ती भांड्यात दूध ओतता ओतता सांगायची. "मावशीनं घरी बसून आकडे पाडले म्हणे. आम्ही तिला देवमाणूस समजत होतो. पिंपवाली आजी नळावर म्हणत होती, 'मी नसताना माझ्या घरात स्वयंपाक करून जेवून गेली, भांडी तरी घासायची!'"

"असं?" मी म्हणायची. दुसरे काय म्हणायची? रोज सकाळी एकदा 'असं?' म्हणायची आणि दूध तापवायला ठेवायची.

चूलमावशी माझ्या पायरीवर टेकेनाशी झाली. पायवाटेने जाताना दिसे, पण माझ्या दारापाशी तिची पावले जरा भरभर पडत. ती मला चुकवते आहे असे मी स्वतःला सांगितले. मला तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून ती घाई करते, हे मला पुष्कळ नंतर सुचले.

असे एकोणीस दिवस गेले. मोजलेत मी, डायरीत मोजणे सोपे असते.

विसाव्या दिवशी मी थांब्यावर टपाल टाकायला गेले. तिथल्या चहाच्या टपरीत चूलमावशी भांडी घासत होती. टपरीची चूल जुनी, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. तिला राहवले नाही. हातातला राखेने माखलेला काथ्या बाजूला ठेवून ती उठली आणि चुलीखालची वीट पायाने जरा आत ढकलली. धूर एका झटक्यात बसला.

टपरीवाला ओरडला, "हात नको लावूस! आकडे पाडणारीनं मला चूल शिकवू नये."

बाकावरची माणसे हसली. बाकावर तिचा नवराही होता. तो हसला नाही, पण एकदाही कुणाला सल्ला न देता उठून गेला. चूलमावशीने वीट पायानेच पहिल्या जागी सरकवली आणि भांड्यांपाशी बसली. पुन्हा धूर झाला.

मी घरी आले. कपाटातून मागच्या वर्षीची डायरी काढली, ते पान शोधले आणि 'पान छान दिसते' हे माझेच तीन शब्द वाचले. मग तशीच संस्थेत गेले.

साहेबांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि दार लोटले. "बाई, आता कशाला? मावशीनं कबूल केलंय. प्रकरण मिटलं. तुमचं नाव उगाच कशाला मधे आणता?"

"अक्षर माझं आहे. नाव निराळं आणायचं राहिलंय कुठे?"

"तुम्ही चांगल्या मनानं केलंत."

"नाही," मी म्हणाले. "छान दिसावं म्हणून केलं. आणि तिनं माझ्याकडे बघितलं तेव्हा मी गप्प बसले, ते कोणत्या मनानं?"

तपासणीबाईसाठी मी तिथेच बसून पत्र लिहिले. साहेब डायरीच्या पानाचा फोटो काढून पाठवतो म्हणाले. मी म्हणाले, "त्यांना मूळ कागद लागतो." सबंध वर्षाची डायरी पाकिटात घातली. त्यात माझ्या गुडघ्याच्या औषधांपासून यांच्या आठवणीने रडल्यापर्यंत सगळे आहे. ती अजून परत आलेली नाही, कपाटात त्या वर्षाची जागा मोकळी आहे.

महिन्याने उत्तर आले. दोन वर्षांची मोजणी मूळ कागदांअभावी धरता येणार नाही, ती गेली ती गेलीच. पण मोजणाऱ्या बाईचा दोष नाही. मोजणी पुन्हा पहिल्यापासून व्हावी, त्याच बाईने करावी, कागद तिच्याच हातचे असावेत, आणि रिकामा रकाना रिकामा ठेवावा. जाळ्या मोजणी पुरी झाल्यावर.

मी ते पत्र घेऊन टपरीवर गेले. चूलमावशीने हात पुसून ते घेतले, लांब धरून सावकाश वाचले, घडी केली.

"साहेबांनी काटा परत दिला की झालं, असं वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली. "कागदानं वस्तीचं तोंड बंद होत नाही, बाई. वर चला."

"मी सांगेन त्यांना. दूधवालीकडून निरोप..."

"निरोप नको. चला."

तो चढ मी दोन वर्षांत चढले नव्हते. ती पुढे चालत होती. प्रत्येक वळणावर थांबायची, पण माझ्याकडे पाठ करून. मी जवळ आले की पुन्हा चालायची. हात दिला नाही. मी मागितलाही नाही.

नळावर सात-आठ बायका होत्या. हंडे भरायचे चालू होते. चूलमावशी एका दगडावर जाऊन बसली आणि म्हणाली, "बाईंना काही सांगायचंय." आणि मग तिने जमिनीकडे बघायला सुरुवात केली.

मी सांगितले. कुलूप, सरासरी, वर-खाली केलेले आकडे, सगळे. आणि त्या खोलीत मी गप्प बसले तेही. ते सांगताना नळाचे पाणी हंड्याबाहेर वाहत होते आणि कुणी हंडा बदलला नाही.

सगळ्यांत आधी पिंपवाली आजी बोलली. "म्हणजे माझ्या चुलीवर स्वयंपाक तुम्ही केलात म्हणा की!"

"हो, आजी."

"सहा किलो लाकूड! जेवण दांडगं असणार. आणि घरमालकिणीला बोलावणं नाही?"

बायका खो खो हसल्या. मला ते हसू बरे वाटले, वाटले की सुटले मी. पण काखेत मूल घेतलेली एक बाई हसत नव्हती. तीच ती, जिने एकदा 'नको ना लिहूस' म्हणून मावशीचा हात धरला होता. तिचे डोळे लाल होते. रडून नव्हे, मला वाटते. तीन दगडांपुढे बसून.

"जाळी कधी येणार?" तिने विचारले.

मी तारीख सांगू शकले नाही. "मोजणी झाल्यावर," एवढेच म्हणाले.

"म्हणजे आणखी एक पावसाळा," ती म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

उतरताना अर्ध्या वाटेवर मी विचारले, "तू का म्हणालीस, आकडे माझे म्हणून?"

"तुम्ही पर्सकडं बघत होता." ती चालत राहिली. "मला वाटलं, बाई घाबरल्या. मी बोलून टाकलं, म्हणजे तुम्हाला मागून सावकाश 'नाही, तसं नाही' म्हणता येईल. मी वाट बघत होते." थोड्या वेळाने म्हणाली, "साहेबांनी काटा मागितला ना, तेव्हासुद्धा मी हुक पुसत बसले. किती वेळ पुसणार माणूस?"

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "हं." वळणावर पुन्हा थांबली, पाठ करून.

आता ती पुन्हा मोजणीला जाते. खांद्याला पिशवी, पुढे वाकलेली चाल. जुळवून घेते आहे वस्तीशी, किंवा वस्ती तिच्याशी. टपरीवाल्याने परवा तिला बोलावून चुलीखालची वीट आत ढकलून घेतली आणि नवऱ्याने बाकावरून त्याला वीट कशी ठेवावी हे समजावले. येता-जाता ती पूर्वीसारखी माझ्या पायरीवर टेकतेही. पाणी पिते, राखेच्या गोष्टी सांगते, हसवते. डाग पडलेले, तीन दिशांना तोंड केलेले कागद फाइलमधून बाहेर डोकावत असतात आणि मी त्यांच्याकडे बघत नाही.

पूर्वी ती आली की पिशवी सरळ आत नेऊन माझ्या टेबलावर ठेवायची. आता मांडीवर ठेवते. पाणी पिताना तांब्या एका हाताने धरते, दुसरा हात पिशवीवर असतो.